सकाळचं पाणी कोणाचं?

आमच्या वन्संना राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. त्यामुळे नवख्या माणसाला कळतच नाही की आता पळायची वेळ झाली आहे. पोहण्याच्या तलावाच्या सेक्रेटरीलाही ते कळलं नाही, आणि मग जे झालं ते झालं.

आधी वन्सं कोण ते सांगते. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "राहून गेलं." बसमध्ये छत्री राहून जावी इतक्या सहज. आम्ही नवरा-बायको, आमची एकुलती एक लेक आणि वन्सं, असं आमचं चौघांचं घर. रस्त्याकडची खोली त्यांची. एका मोठ्या चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावर त्या काचा घासतात. खाली गिऱ्हाईक आरशासमोर माना वेळावत फ्रेम निवडतं, आणि वर वन्सं यंत्रासमोर वाकून गोल काच त्या फ्रेमच्या आकाराची करतात, कडा गुळगुळीत करतात, फ्रेममध्ये बसवतात, उजेडाकडे धरून बघतात, आणि पुढची काच घेतात. काम त्यांना आवडतं. पण आयुष्यभर अशी मान खाली घालून बसल्यावर पाठ थोडीच ऐकणार? ती एक दिवस अशी धरली की मोजे घालायलाही मी लागले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती दिवस खाणार, पोहा.

तलाव वन्संना नवा नव्हता. लेक लहान होती तेव्हा कामावर माझी पहाटेची पाळी असायची, आणि माझ्या नवऱ्याला पहाटे उठवणं म्हणजे कपाट हलवणं. त्यामुळे पोरीला पोहायला नेणं पहिल्यापासून वन्संकडेच आलं. काठावरच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन त्या बसायच्या. पोरगी ओठ निळे करून बाहेर आली की तिला गुंडाळायच्या, खसाखसा पुसायच्या, थर्मासमधलं दूध पाजून शाळेत सोडायच्या आणि मग कामावर जायच्या. पाण्यात पोरीचे पाय असे काही मिटायचे-उघडायचे की वन्संनी तिचं नाव बेडकी ठेवलं. आजही घरात तिला कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती दचकते. मला वाटतं तिला तेव्हा कुणीतरी रागावणार असंच वाटतं.

इतकी वर्षं पाण्याशेजारी बसून वन्सं स्वतः घोट्याच्या वर कधी भिजल्या नव्हत्या. पन्नाशी केव्हाच उलटली होती. पहिल्या दिवशी पोहण्याचा पोशाख घालून त्या कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या ते टॉवेल गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून. शिकवायला बेडकीच होती.

"आत्या, पोट वर. आकाशाकडे बघ, माझ्याकडे नको बघूस."

"तू हात सोडणार नाहीस ना?"

"केव्हाच सोडलाय."

वन्सं त्या दिवशी पाणी प्यायल्या, खोकल्या, बेडकीला दोन शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत गेल्या. वर्षभरात त्यांना सबंध तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पार करता यायला लागला. सावकाश, पण येतो. भिंतीकडच्या लेनमध्ये त्यांच्यासारखीच चार-सहा माणसं होती. एक निवृत्त बस ड्रायव्हर, एक बेकरीवाली, गुडघे बदललेले एक मुख्याध्यापक, आणखी एक-दोघं. ड्रायव्हरकाका म्हणायचे, "ही म्हशींची लेन. एकदा पाण्यात बसलो की उठवायला गुराखी लागतो." कामाला जायच्या आधीचा तो तास वन्संच्या दिवसातला सगळ्यात चांगला तास झाला. पाठ सुधारली, हे खरंच. पण नुसती पाठ नाही सुधारली. आंघोळ करताना गुणगुणायला लागल्या.

त्याच तलावात, मधल्या लेनमध्ये, बेडकी वेगाने वाढत होती. अठरावं लागलं त्या वर्षी तिने मोठ्या स्पर्धेत बेडकासारख्या पोहण्याचा, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकचा, जुना विक्रम मोडला. माझी लेक! मी वेड्यासारखी ओरडले, माझा घसा आठवडाभर बसला होता. वन्सं तर इतक्या रडल्या की शेजारच्या बाईंना वाटलं आमचं काहीतरी वाईट झालं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून लोक म्हणाले, आत्या पोरीवर जळते. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, पण डोक्याला तरी लावावा असं वाटतं.

विक्रम झाला, पेपरात फोटो आला, आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जो भेटेल तो बेडकीचं कौतुक करायचा आणि त्याच दमात वन्संना टोचायचा. टोचतोय हे त्याच्या गावीही नसायचं. दुकानात मालकाचा पुतण्या नवा मॅनेजर म्हणून आला होता, जेमतेम सव्वीस-सत्तावीसचा. त्याने बेडकीचा पेपरातला फोटो कापून माळ्याच्या जिन्यात चिकटवला आणि म्हणाला, "मावशी, घरात एवढी चॅम्पियन, आणि तुम्ही अजून त्याच स्टुलावर? तिच्याकडून काहीतरी घ्या!" गिऱ्हाइकं म्हणायची, "तिचं वय काय, तिने केलं काय! आपण काय केलं हो?" म्हणायचे 'आपण', बघायचे वन्संकडे. शेजारी म्हणायचे, "आत्यावर गेली नाही हे बरं." विनोद! सगळे हसायचे. वन्संही हसायच्या.

मग एका रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. त्या मधेच थांबल्या.

"अगं, एक सांगू? हसू नकोस."

"नाही हसत."

"काल ती माझ्या शेजारच्या लेनमधून गेली. मी अर्ध्यात होते. ती गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. मी अजून अर्ध्यातच. आणि मला वाटलं, माझं सगळं आयुष्य असंच गेलं की काय. कुणीतरी शेजारून सपासप जातंय आणि मी आपली मध्येच."

"वन्सं, ती रोज चार तास..."

"मला ठाऊक आहे गं. मीच तर बसायचे बाकावर. तिने केलं त्याचं मला काही नाही. पण आधी मला असं कधी वाटलंच नव्हतं. काम करत होते, घरी येत होते, छान चाललं होतं. आता रोज कुणीतरी येऊन माझ्या हातात पट्टी देतं आणि म्हणतं, मोज." त्यांनी शेंग इतक्या जोरात दाबली की दाणे ओट्याखाली गेले. "का मोजू मी? मी मागितली होती का पट्टी?"

मी ओट्याखालचे दाणे वेचायला लागले. काय बोलणार? मला स्वतःला बेडकीच्या शर्यतीनंतर पहिल्यांदा कळलं होतं की शेजारणी आता माझ्याकडे 'चॅम्पियनची आई' म्हणून बघतात, आणि माझं बारा गावचं पाणी प्यायलेलं आयुष्य त्या एका शब्दात पुसलं गेलंय. पण मी आई होते. आईला तेवढी सूट मिळते. आत्याला कोण देतो?

त्यानंतर महिन्याभरात तलावाच्या फाटकावर नोटीस लागली. पुढच्या महिन्यापासून सकाळची सगळी वेळ स्पर्धेच्या संघासाठी राखीव. इतर सभासदांनी दुपारी यावं.

दुपारी! दुपारी कोण येणार? ज्याला काम नाही तो. ड्रायव्हरकाका दुपारी नातवंडांना शाळेतून आणतात, बेकरीवालीची भट्टी दुपारी पेटलेली असते, वन्सं माळ्यावर. वन्सं तशाच ओल्या केसांनी सेक्रेटरीच्या खोलीत गेल्या. मी त्या दिवशी बेडकीला विसरलेला डबा द्यायला गेले होते, म्हणून दारातच उभी होते. सेक्रेटरी म्हणजे पन्नाशीचा, स्वतः कधी पाण्यात न उतरणारा, नेहमी इस्त्रीचा माणूस.

"बसा ना मॅडम."

"ओली आहे. ही नोटीस कुणी लावली?"

"कमिटीचा निर्णय आहे. बघा, आपला तलाव आता नावारूपाला आला. पोरं विक्रम करतायत. सकाळचं पाणी सगळ्यात चांगलं. ते ज्यांना भविष्य आहे त्यांना नको का मिळायला?"

वन्संचा आवाज उतरला. "आणि मला काय आहे?"

"तसं नाही हो..."

"नाही, सांगा. त्यांना भविष्य आहे. मला काय आहे? फी तर दोघांची सारखी घेता."

"मॅडम, तुम्ही तर आत्या! तुमच्याच भाचीसाठी करतोय हे सगळं. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"अभिमान वाटतो. त्याचा माझ्या पाठीशी काय संबंध?"

सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं, जणू मी समजूतदार बाई आहे आणि आता मध्ये पडेन. मी मध्ये पडले. म्हटलं, "उद्या तुमच्या वडिलांना बागेतून उठवा, म्हणावं बाक भविष्यवाल्यांसाठी आहे." तो लाल झाला आणि फोन लावायला लागला. आम्ही निघालो.

खरी लढाई घरी झाली. माझा नवरा तसा भला माणूस, पण बेडकीच्या विक्रमापासून त्याचं डोकं पदकांच्या कपाटासारखं झालं होतं, उघडलं की नुसता खणखणाट. तो म्हणाला, "ताई, जरा विचार कर. तू पाठीसाठी पोहतेस. तिचं आयुष्य आहे त्यात. तू दुपारी सुट्टी घेऊन जा."

"रोज?"

"मग चालायला जा. चालणं पण चांगलंच."

"तू का नाही चालायला जात? तुझं पोट बघ."

"विषय बदलू नकोस."

एवढ्यात बेडकी सरावाहून आली. तिने पिशवी टाकली, ब्रेडच्या चार स्लाइस एकावर एक ठेवून खायला सुरुवात केली आणि आमच्या तोंडांकडे बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, आत्या, मी सांगते त्यांना. तुम्हालाही वाटलं असतं. पण माझी लेक खोटं बोलत नाही. आत्याला शिकवताना हात सोडून 'केव्हाच सोडलाय' म्हणणारी ती हीच.

"आत्या, आमच्या कोच सरांनीच मागितल्या सगळ्या लेन," ती म्हणाली. "मला माहीत होतं. ज्युनियर पोरं मधे मधे येतात, त्यांना बाजूच्या लेनमध्ये काढलं की मला मोकळी लेन मिळते. मला खरंच लागते ती. पुढच्या स्पर्धेला फार कमी वेळ आहे."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. "तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू रागावली असतीस."

"आता नाही का रागावले?" असं म्हणून त्या उठल्या, ताट मोरीत ठेवलं आणि खोलीत गेल्या. त्यानंतर बरेच दिवस आत्या-भाचीत बोलणं नव्हतं. एकीने दुसरीसाठी गिझर चालू ठेवायचा, दुसरीने पहिलीचा टॉवेल वाळत घालायचा, पण शब्द नाही. मधे मी, पोस्टमनसारखी.

आणि मग आला सत्काराचा कार्यक्रम. तलावाचा वार्षिक समारंभ होता, तलावाशेजारच्या हॉलमध्ये. भिंतीवर विजेत्या मुलांचे फोटो, खाली अक्षरं: 'आमचे तरुण तारे'. प्रमुख पाहुणा म्हणून एक चोवीस-पंचवीसचा मुलगा आणला होता. म्हणे कॉलेजात असतानाच कंपनी काढली, मोठी केली, विकली, आता दुसरी काढलीय. चांगला दिसायचा, चांगलं बोलायचा. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. केलं असेल त्याने, करो बापडा. पण माइक हातात आला की काही माणसांना समोर बसलेले सगळे आपले विद्यार्थी वाटतात.

तो बेडकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही बघा. अठरा वर्षं. वय हा फक्त बहाणा असतो. इथे समोर बरीच ज्येष्ठ मंडळी बसली आहेत. मी आदराने विचारतो. मनाला विचारा, अठराव्या वर्षी आपण काय करत होतो?" तो थांबला. सराईत होता, कुठे थांबायचं ते जाणत होता. "काही नाही ना? मग निदान टाळ्या तरी जोरात वाजवा!"

लोक हसले. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. लोक हसले! मुख्याध्यापक हसले, ज्यांच्या हाताखालून अर्धं गाव शिकून गेलं. बेकरीवाली हसली. माझा नवरा तर टाळ्या पिटत होता. तोंडावर सांगितलं की तुम्ही फुकट जगलात, आणि माणसं खुशीत टाळ्या वाजवतायत!

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. वन्सं उभ्या होत्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली की मागच्यांनी 'कोण, कोण' म्हणत माना उंचावल्या आणि हॉल आपोआप गप्प झाला.

पाहुणा हसून म्हणाला, "बोला ना काकू."

"अठराव्या वर्षी मी सिनेमे बघत होते. दुपारच्या खेळाला, मैत्रिणीबरोबर. तिकीट मिळालं नाही तर आम्ही तिच्या गच्चीवर केस वाळवत बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायचो. विसाव्या वर्षीही तेच करत होते. फार मजा यायची. त्यात वाईट काय होतं ते मला सांगा."

कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्याने दोन्ही हात पुढे केले. "काकू, माझा उद्देश तसा नव्हता. थोडी प्रेरणा मिळावी म्हणून..."

"मला प्रेरणा नको. मला सकाळची लेन हवी. ती यांनी काढून घेतली," त्यांनी सेक्रेटरीकडे बोट केलं, "कारण मला भविष्य नाही. आणि तुम्ही आलात ते सांगायला की मला भूतकाळही नाही. मग मी आहे तरी कुठे? ही खुर्ची तरी माझी आहे ना?"

आता माझा नवरा उठला. बहिणीची बाजू घ्यायला उठला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण उठून बोलला काय? "माफ करा मंडळी," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "माझ्या ताईने आमच्यासाठी फार सोसलंय. वडील लवकर गेले, तिने शिक्षण सोडलं, नोकरी धरली, म्हणून आम्ही..."

हॉलभर लगेच 'अरेरे' पसरलं. चेहरे मऊ झाले. पाहुण्याने मान झुकवली. वन्सं मात्र अशा वळल्या की मी नवऱ्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढायला लागले.

"खाली बस," त्या म्हणाल्या. "मी काही सोसलं नाही. शिक्षणात माझं लक्ष नव्हतं म्हणून सोडलं. नोकरी मिळाली, ती आवडली, केली. घरात पैसे दिले कारण घरात राहत होते. माझं आयुष्य चारचौघांत चालावं म्हणून तू त्याला त्यागाचं ठिगळ लावू नकोस. ते फाटलेलं नाहीये."

मग त्यांनी पर्स उचलली आणि रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाहेर गेल्या. मीही गेले. मागे सेक्रेटरी माइकमध्ये "तर आता अल्पोपाहार" असं म्हणत होता.

बेडकी घरी आली आणि सत्कारात मिळालेली ढाल तिने सोफ्यावर आपटली. डोळे सुजलेले.

"माझा दिवस होता तो, आत्या! माझा एक दिवस! सगळे आता तुझ्याबद्दलच बोलतायत."

तिचंही खोटं नव्हतं. वन्संनी मान्य केलं. "तुझा होता. मी खराब केला, त्याचं मला वाईट वाटतं. पण एक सांग, तो माणूस तुझ्याबद्दल काय बोलला? तू किती वर्षं थंड पाण्यात काढलीस, खांदा दुखत असताना कशी गेलीस, भिंतीशी कशी वळतेस, यातलं काही बोलला?"

बेडकी ढालीवरची अक्षरं नखाने खरवडत राहिली.

"तुला त्याने हातात धरलं आणि आम्हाला हाणलं. काठी हाणतात तसं. मला मार लागला त्याचं सोड, माझी कातडी जाड आहे. पण तू काठी नाहीस गं. एवढ्यासाठी उठले."

"मला नाही वाटलं तसं," बेडकी म्हणाली.

"नसेल वाटलं. मला वाटलं."

त्यावर बेडकी तिच्या खोलीत गेली आणि आत्या तिच्या. समेट वगैरे काही झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकत्र निघाल्या, कारण दोघींनाही तलावावरच जायचं होतं. नोटीस गेली खड्ड्यात.

पुढचं मी वन्संकडून आणि बेडकीकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोन्ही जुळतं. म्हशींची लेन सगळी हजर होती. हॉलमध्ये हसलेले मुख्याध्यापकसुद्धा. ते म्हणाले, घरी गेल्यावर मला माझ्याच हसण्याचा राग आला. सगळे न विचारता भिंतीकडच्या लेनमध्ये उतरले. सेक्रेटरी धावत आला. "बाहेर या, बाहेर या." ड्रायव्हरकाका पाठीवर तरंगत म्हणाले, "साहेब, आमच्या वयात बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही आत या."

सेक्रेटरीने सरांकडे बघितलं. सर हातातलं घड्याळ बघत होते; पोरं काठावर कुडकुडत होती. ते वैतागून म्हणाले, "राहू द्या हो. सगळ्या मागितल्या खऱ्या, पण भिंतीवरून लाटा उलट येतात, ती लेन मला तशीही नकोच असते."

झालं. एवढ्यावर मिटलं. वन्संच्या भाषणाने कुणाचं हृदय पालटलं नाही, कमिटीने माफी मागितली नाही. नोटिशीखाली पेनाने एक ओळ वाढली, 'भिंतीकडची लेन वगळून'. भविष्यवाल्यांना नको असलेलं पाणी आमच्या वाट्याला आलं. मी वन्संना म्हटलं, हा तर अपमानच झाला. त्या म्हणाल्या, "अपमान आहेच. पण ओला आहे." आणि रोज जायला लागल्या. दुकानातल्या जिन्यातला फोटोही त्यांनी काढून आणला आणि बेडकीच्या आरशाला लावला. मॅनेजरने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तो घरचा फोटो आहे, तुझ्या कामाचा नाही."

बेडकी हळूहळू बोलायला लागली. आधी 'गिझर बंद कर', मग 'आत्या, माझा गॉगल बघितलास का', मग नेहमीसारखं. तिचा सराव जोरात होता, पण त्या वर्षी पोहायला लागणारा वेळ काही कमी होईना. होतं असं, सर म्हणाले, शरीर कधीकधी थांबतं.

आणि एका सकाळी पेपर आला. दुसऱ्या कुठल्यातरी शहरातल्या मुलीने बेडकीचा विक्रम मोडला होता. मुलगी चौदा वर्षांची. फोटोत दातांना तारा.

माझा नवरा पेपर धरून टेबलाशी बसला होता. त्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मी पुन्हा सांगते, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. तो म्हणाला, "चौदा! बघ, बेडके. चौदा वर्षांची आहे ही. आणि तू एकोणीसची झालीस. जोर लावायला हवा आता, वय थांबत नाही."

एकोणीस! माझी लेक एकोणिसाव्या वर्षी म्हातारी झाली होती, बापाच्या तोंडून, नाश्त्याच्या टेबलावर. तिने उकडलेलं अंडं सोलता सोलता खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी फक्त वन्संच्या चेहऱ्यावर बघितलं होतं, मटार सोलताना.

वन्सं दारात बूट घालत होत्या. एका पायात बूट आणि एक पाय मोकळा, तशाच आत आल्या. पेपर त्यांनी भावाच्या हातातून काढून घेतला. फाडला नाही, नीट घडी घातली.

"तुला कळतंय का, तू काय बोललास?" आवाज जवळजवळ ऐकूच येईना.

"अगं ताई, मी तिला उत्तेजन..."

"त्या चौदा वर्षांच्या पोरीला उद्या बारा वर्षांची हरवेल. मग तिचा बाप तिला सांगेल, वय थांबत नाही. हे कुठपर्यंत न्यायचंय तुम्हाला? पाळण्यापर्यंत? हिने काल पहाटे उठून पोहून दाखवलं, परवा पोहून दाखवलं, आजही निघालीय. तू बघायला शेवटचा कधी आलास?"

त्याने कपाकडे हात नेला; कप रिकामा होता.

"तिला कुणाशी मापायचंच असेल तर आधी माझ्याशी माप. ते तरी गंमतशीर होईल."

बेडकीच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, मला नीट कळलं नाही. तिने अंडं आख्खं तोंडात कोंबलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "आत्या, दुसरा बूट घाल. उशीर होतोय."

दोघी गेल्या. जिन्यात वन्सं अजून बोलत होत्या, आता मोठ्याने, म्हणजे राग उतरत होता. बेडकी म्हणत होती, "हो गं, हो, चल."

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "माझं काय चुकलं सांग. आणि जरा चहा टाक."

मी ओट्यापासून बाजूला झाले. म्हटलं, "तुमची पन्नाशी उलटली. अजून एकदाही स्वतःच्या हाताने केला नाहीत. बघा, आज जमतोय का." आणि दार लावून घेऊन मीही खाली उतरले.